ताराबाई मोडक : अंगणातून कुरणापर्यंत

विज्ञानशिक्षण म्हटले की काचेच्या नळ्या, भिंगे आणि प्रयोगसाहित्याचे कपाट आपल्या डोळ्यांसमोर उभे राहते. ज्या शाळेत यांपैकी काहीच नाही, तेथे लहान मुलांना विज्ञान कसे शिकवावे? यवतमाळ जिल्ह्यातील एखाद्या कोलाम पोडावरच्या प्राथमिक शिक्षकापुढे हा प्रश्न आजही असू शकतो. त्याचे एक उत्तर ताराबाई मोडक यांच्या जीवनकार्यात आढळते. म्हणून या चरित्राकडे आपण याच दृष्टीने पाहणार आहोत.

ताराबाईंचा जन्म १८९२ चा. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते असल्याने घरातील वातावरण सुधारणावादी होते. १९१४ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. विवाहानंतर त्या वऱ्हाडात, यवतमाळच्या शेजारच्या अमरावती शहरात आल्या. पती नामांकित वकील होते. परंतु हा संसार टिकला नाही. १९२१ मध्ये तो संपुष्टात आला, आणि लहान मुलीची जबाबदारी घेऊन ताराबाईंनी स्वतंत्र वाट धरली. त्या काळातील सुशिक्षित स्त्रीलाही हा निर्णय सोपा नव्हता.

राजकोट येथील बार्टन महिला अध्यापन विद्यालयाचे प्राचार्यपद त्यांना मिळाले. पद प्रतिष्ठेचे होते. तरीही १९२३ मध्ये ते सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालशिक्षणाच्या प्रयोगात सहभागी झाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीचा अभ्यास येथे सखोल झाला. लहान-मोठे ठोकळे क्रमाने लावणे, खरखरीत आणि गुळगुळीत यांतील भेद हाताने ओळखणे, जड-हलके ताडून पाहणे, हे या पद्धतीतील खेळ. वरवर साधे वाटणारे हे खेळ म्हणजे निरीक्षण, तुलना, वर्गीकरण आणि मापन यांचे पहिले धडे होत. विज्ञानाची सुरुवात व्याख्या पाठ करण्यातून होत नाही, ती इंद्रियांच्या शिक्षणातून होते, हा विचार त्यामागे आहे.

मात्र या पद्धतीची साधने महाग होती. १९३६ मध्ये दादर येथे शिशुविहार सुरू झाल्यावर शहरातील मध्यमवर्गीय मुलांपर्यंत नवे बालशिक्षण पोहोचले. खेड्यातील मूल त्याच्या बाहेरच राहिले. ही उणीव ताराबाईंना अस्वस्थ करीत होती. १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र उभारले. या कामात अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. मुले शाळेत येत नाहीत, असे दिसताच शाळाच मुलांच्या अंगणात नेण्यात आली. विकत आणलेल्या साधनांची जागा शंख-शिंपले, बिया, पाने आणि खडे यांनी घेतली. साधन स्वस्त झाले, पण तत्त्व ढळले नाही. बियांचे आकार आणि रंग वेगळे करणारे मूल वर्गीकरणच शिकत होते.

१९५७ मध्ये हे कार्य डहाणूजवळील कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीच्या परिसरात गेले. तेथील मोठी मुले दिवसभर गुरे चारावयास जात. घराला त्यांच्या श्रमांची गरज होती, त्यामुळे केवळ उपदेशाने ती वर्गात येणे शक्य नव्हते. तेव्हा शिक्षकच गुरांमागे गेले आणि कुरणशाळा जन्माला आली. गुराखी मुलाला झाडे, गवत, पाखरे, पावसाची चिन्हे यांची ओळख असतेच. त्या ओळखीला नाव, क्रम आणि कारण यांची जोड देणे हे शिक्षकाचे काम ठरते. शाळा मुलाला अडाणी समजत नाही, तर त्याच्या ज्ञानापासून आरंभ करते, हे येथील वेगळेपण होय.

१९६२ मध्ये पद्मभूषण देऊन शासनाने ताराबाईंचा गौरव केला. १९७३ मध्ये त्यांचे निधन झाले.

या प्रयोगाची मर्यादाही ध्यानात घ्यावयास हवी. कुरणशाळेने मुलाच्या पाठीवरील श्रमाचे ओझे उतरवले नाही. त्या ओझ्यासह त्याला शिकता यावे, एवढीच सोय केली. शिवाय, परिसर समोर आहे म्हणून विज्ञान आपोआप येत नाही. पाहिलेल्या गोष्टीबद्दल 'असे का?' हा प्रश्न मुलाच्या मनात जागवणारा शिक्षक नसेल, तर कुरण हे केवळ कुरणच राहते. साधनांच्या अभावापेक्षा अशा शिक्षकाचा अभाव अधिक गंभीर, हे या चरित्राचे सार म्हणता येईल.

स्वाध्याय : कापसाचे बोंड किंवा पळसाचे पान यांपैकी एक वस्तू घ्या. तिसरीच्या मुलांना तिच्या आधारे निरीक्षण, तुलना आणि कारणशोध कसा शिकवता येईल, ते ताराबाईंच्या कार्याच्या संदर्भात लिहा.