गाडगे आणि खराटा : संत गाडगेबाबांचे जीवनकार्य

महाराष्ट्राच्या प्रबोधनाच्या इतिहासात संत गाडगेबाबांचे स्थान वेगळे आहे. त्यांनी ग्रंथ लिहिला नाही, पंथ काढला नाही, कोणाला शिष्य केले नाही. शाळेची पायरीही ते कधी चढले नाहीत. तरीही शिक्षणाचे महत्त्व खेड्यापाड्यांतील माणसाला पटवून देण्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे.

२३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे एका परीट कुटुंबात त्यांचा जन्म झाला. मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. इतरांच्या अंगावरचा मळ धुणे हा जातीने नेमून दिलेला धंदा. वडील झिंगराजी दारूच्या व्यसनापायी अकालीच गेले. आई सखुबाई लहानग्या डेबूजीला घेऊन दापुरे या माहेरगावी आल्या. मामाची गुरे राखीत आणि शेती करीत डेबूजी मोठे झाले. सावकाराच्या कागदावर अंगठा उठवणाऱ्या निरक्षर कुटुंबाची जमीन कशी हातची जाते, हे त्यांनी मामाच्याच घरी पाहिले. दारू, कर्ज आणि निरक्षरता या तीन शत्रूंशी त्यांनी पुढे जन्मभर झुंज दिली; त्यांची ओळख त्यांना अशी घरातच झाली होती.

कन्येच्या बारशाला बोकड कापून दारू पाजण्याची जातीची रीत त्यांनी मोडली आणि जातभाईंना गोडाचे जेवण वाढले. अंगी बाणलेला विचार आधी स्वतःच्या घरात आचरायचा, हा त्यांचा स्वभाव येथे प्रथम दिसतो. १ फेब्रुवारी १९०५ रोजी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, जवळ फुटके गाडगे आणि हातात खराटा. त्या गाडग्यावरूनच लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले.

त्यांची कार्यपद्धती साधी होती. गावात शिरताच ते कोणाशी न बोलता रस्ता झाडू लागत. गटारे उपसत, उकिरडे हलवीत. कोणी वेडा म्हणे, कोणी भिकारी. हळूहळू गावातील पोरे, मग थोरे हाताशी येत. संध्याकाळपर्यंत गाव लख्ख होई आणि रात्री त्याच जागी कीर्तन उभे राही. दिवसा रस्त्यावरची घाण काढायची आणि रात्री मनातली, असा हा क्रम. कीर्तनात ते श्रोत्यांनाच प्रश्न विचारीत आणि उत्तरे त्यांच्याच तोंडून वदवून घेत. नवसाला पशू का मारावा, सण साजरा करण्यासाठी कर्ज का काढावे, माणसाने माणसाचा विटाळ का मानावा, असे ते प्रश्न असत. जेवणाची भांडी विकावी लागली तरी चालेल, पण मुलांना शाळेत घालावे, हा त्यांचा आग्रह असे.

विदर्भातील ऋणमोचनापासून मुंबईपर्यंत आणि कोकणातील खाडीकाठच्या गावांपर्यंत त्यांची पायपीट चालली. विजयदुर्गच्या खाडीवरील खारेपाटण या जुन्या बंदराच्या गावी १९२३ साली त्यांचे कीर्तन सुरू असताना त्यांच्या एकुलत्या एका मुलाच्या, गोविंदाच्या, मृत्यूची वार्ता आली. बाबांनी कीर्तन थांबविले नाही. आपल्या किनारपट्टीशी त्यांचे नाते असे दुःखाचेही आहे.

पंढरपुरी ते दर्शनासाठी जात नसत. चंद्रभागेचे वाळवंट झाडण्यासाठी जात. लाखो वारकऱ्यांनी मागे टाकलेली घाण उचलणे हीच त्यांची वारी. अस्पृश्य वारकऱ्यांना त्या नगरीत आसरा मिळत नाही हे पाहून त्यांनी तेथे चोखामेळा धर्मशाळा उभारली. नाशिक येथे धर्मशाळा बांधली. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ, परगावाहून आलेल्या गरीब रुग्णांच्या नातेवाइकांसाठी निवारा उभा केला. लक्षावधी रुपयांच्या वास्तू उभ्या राहिल्या, पण स्वतःचे कुटुंब मात्र झोपडीतच राहिले.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि गाडगेबाबा यांच्यात परस्परांविषयी निस्सीम आदर होता. एक जगातील श्रेष्ठ विद्यापीठांतून आलेले, दुसरे निरक्षर. निदान मात्र दोघांचे एकच. १९४९ साली बाबांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी दिली. जेथे वारकरी पथारी पसरीत, तेथे विद्यार्थी अभ्यासाला बसले. निवासी शाळेत वाढलेल्या आपणा सर्वांना या दानाचे मोल वेगळे सांगायला नको. बाबांनी भक्तीची भाषा अखेरपर्यंत सोडली नाही, बाबासाहेबांनी धम्माचा मार्ग दाखविला. हे अंतर आम्ही नाकारीत नाही. परंतु पशुहत्या, अंधश्रद्धा आणि विषमता यांच्याविरुद्ध दोघेही एकाच बाजूला उभे होते.

येथे एका गंभीर प्रश्नाला उत्तर देणे आम्हास आवश्यक वाटते. आपली मुले दर आठवड्यास समुद्रकिनाऱ्यावर जातात. भरतीने आणून टाकलेल्या बाटल्या, फाटक्या जाळ्यांचे तुकडे, पिशव्या, विसर्जनानंतर उरलेले थर्माकोल ती गोळा करतात. काही पालकांना हे रुचत नाही. ज्यांच्या वाडवडिलांनी कोकणातून मुंबईस जाऊन नगरपालिकेच्या सफाई खात्यात आयुष्य काढले, त्यांना नातवाच्या हाती पुन्हा खराटा पाहून वेदना होते. ही वेदना खरी आहे. पेशवाईत पुण्यातील अस्पृश्यांना गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधून फिरावे लागे, हे बाबासाहेबांनी जातिनिर्मूलनावरील १९३६ च्या आपल्या ग्रंथात नमूद केले आहे. गाडगेबाबांच्याही जवळ हीच दोन साधने होती.

साधने तीच, पण एका ठिकाणी ती धर्माच्या नावाने लादलेली होती आणि दुसऱ्या ठिकाणी एका माणसाने ती स्वेच्छेने उचलली होती. लादलेल्या कामाने माणूस वाकतो. स्वेच्छेने आणि सर्वांनी वाटून केलेल्या कामाला जात चिकटत नाही. म्हणून आपल्या शाळेत किनाऱ्यावरील पाळी मुख्याध्यापकांपासून सर्वांत धाकट्या विद्यार्थ्यापर्यंत सर्वांना आहे. कोणत्याही एका गटाला ती कायम नेमून दिलेली नाही. ज्या दिवशी ती केवळ काहींच्याच वाट्याला येईल, त्या दिवशी पालकांनी अवश्य विरोध करावा. आम्हीही त्यांच्यासोबत असू. बुद्धांनी राजगृहाच्या सुनीत या सफाई कामगाराला संघात घेतले, हा प्रसंग बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात आवर्जून घेतला आहे. त्याच संघात राजपुत्रांनाही विहार झाडावे लागे, हे आपण विसरू नये.

८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे येथील पोलीस ठाण्याच्या आवारात बाबांचे अखेरचे कीर्तन झाले. ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्यानंतर अवघ्या चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीजवळ वलगाव येथे पेढी नदीच्या काठी, प्रवासातच बाबांनी देह ठेवला. आज अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे, शासनाचे ग्रामस्वच्छता अभियानही त्यांच्याच नावाने चालते. अक्षरशत्रू म्हणून वाढलेल्या माणसाचे नाव विद्यापीठाला लाभावे, यात त्यांच्या आयुष्याचे सार आले.

समुद्र आपले देणे रोज परत आणून टाकतो. किनारा एकदा झाडून भागत नाही; समाजाचेही तसेच आहे. ज्यांनी हे आयुष्यभर न कंटाळता केले, त्या कर्मयोगी गाडगेबाबांना आम्हा सर्वांचे विनम्र अभिवादन.