नाणेघाटाची राणी नागनिका

मुरबाडाहून माळशेजकडे जाणाऱ्या सडकेवर वैशाखरें गांव लागतें. तेथून सह्याद्रीकडे पाहिलें असतां कड्यामध्यें एक खिंड दिसते, तोच नाणेघाट. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं तो पाहिला असेल, कित्येक चढूनहि गेले असतील. परंतु त्या घाटांत जिनें आपल्या घराण्याची हकीकत कोरवून ठेविली, त्या सातवाहन राणीचें चरित्र थोड्यांसच ठाऊक असेल. म्हणून तें येथें संक्षेपानें देतों.

प्रथम वाटेविषयीं दोन शब्द. अरबस्थानच्या वाळवंटांत उंटांचा काफिला एक पाणवठा सोडून दुसरा गांठीपर्यंत जीव मुठींत धरून चालत असे. आमच्याकडे वाळवंट नाहीं. तरी चैत्र-वैशाखांत हे कातळ कसे तापतात, आणि हंडाभर पाण्याकरितां किती पायपीट पडते, हें शहापूर-मुरबाडच्या माणसांस आम्हीं सांगावयास नको. कल्याण बंदरांत उतरलेला माल जुन्नरास व पुढें पैठणास जावयाचा, तो या घाटानें. थळघाट नाशिकाकडील, जुन्नरची जवळची वाट ही. ओझ्याचीं जनावरें येथें पाण्यावांचून चढणें कठीण, म्हणून खडक खोदून जागोजाग टाकीं केलेलीं आहेत. त्यांतील एक टाकें सोपाऱ्याच्या गोविंददासानें दान दिल्याचा लेख तेथेंच आहे. माथ्यावर एक भला थोरला दगडी रांजण आहे. जकातीचीं नाणीं त्यांत टाकीत, असें लोक सांगतात.

नागनिका ही एका महारठी सरदाराची कन्या. इसवी सनापूर्वीं पहिल्या शतकाच्या सुमारास ती सातवाहन घराण्यांतील पहिल्या सातकर्णि राजास दिली गेली. हा राजा मोठा पराक्रमी. दक्षिणापथाचा स्वामी असें बिरुद त्यास मिळालें. त्यानें दोन वेळां अश्वमेध व एकदां राजसूय यज्ञ केला, आणि राणी त्याच्या शेजारीं बसली. त्या समयीं झालेल्या दानांचे आंकडे वाचून मन थक्क होतें: एके ठिकाणीं ११,००० गाई व १,००० घोडे, दुसरीकडे २४,४०० कार्षापण नाणीं. एवढी संपत्ति आली कोठून, असा प्रश्न वाचकांच्या मनांत येईल. आमच्या मतें त्याच्या उत्तराचा मोठा भाग त्या रांजणाजवळच सांपडतो.

पुढें राजा वारला. वेदिसिरी व सति सिरिमंत हे पुत्र लहान होते, आणि राज्याची धुरा राणीच्या शिरावर पडली, असें बहुतेक इतिहासकार मानितात. ती घरांतच तपस्विनीप्रमाणें राहिली, महिना महिना उपवास करी, व्रतस्थ असे, असें तिच्याविषयीं लेखांत नमूद आहे. पण डोळे मिटून बसणाऱ्यांपैकीं ती नव्हती. पोरक्या राजपुत्रांचें राज्य भाऊबंद किंवा परके केव्हां गिळतील याचा नेम नसतो. तिनें काय केलें? राजधानींत नव्हे, तर कोंकण व देश यांच्या सीमेवर, जेथें प्रत्येक तांड्यास थांबणें भाग होतें, त्या घाटांतील लेण्याच्या डाव्या-उजव्या भिंतींवर हा लांबलचक लेख कोरविला. अक्षरें ब्राह्मी, भाषा प्राकृत, आमच्या मराठीची पणजीच म्हणा ना. मागील भिंतीवर घराण्याचा मूळ पुरुष सिमुक, स्वतः ती व तिचा पति, राजकुमार, आणि एक महारठी अशा मूर्ति उभ्या केल्या. सासरच्या ओळींत महारठीस स्थान देण्यांत चातुर्य होतें. ज्यांच्या बळावर मुलांचें राज्य टिकावयाचें, त्यांचा मान तिनें सर्वांदेखत राखिला. दमलेला व्यापारी टाक्यावर पाणी पिऊन सावलीस टेकला, कीं कोणाच्या राज्यांतून जातों आणि जकात कोणास देतों हें त्यास कळून चुके.

जुन्नरास एक चांदीचें नाणें मिळालें आहे, त्यावर राजा व राणी या दोघांचींहि नांवें आहेत. राणीचें नांव नाण्यावर येणें त्या काळीं विरळाच.

नंतर शेंकडों वर्षें तो लेख वाचूं शकणारा कोणी उरला नाहीं. १८२८ च्या सुमारास कर्नल साइक्स यांनीं त्याकडे विद्वानांचें लक्ष वेधलें. पुढें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तो वाचण्याचे कामीं मोठे श्रम घेतले, आणि १८८३ त ब्यूलर यांनीं त्याचा अर्थ प्रसिद्ध केला. दानांच्या त्या यादींतील अंकचिन्हें हिंदुस्थानांतील अति प्राचीन अंकांपैकीं ठरलीं, आणि गणिताच्या इतिहासांत नाणेघाटाचें नांव गेलें.

मूर्ति मात्र फुटून गेल्या. आज भिंतीपाशीं पावलांच्या खुणा तेवढ्या दिसतात, आणि त्यांच्या वर कोरलेल्या नांवांत राणीचें नांव अजून वाचतां येतें.