विकत घेतलेल्या माणसाने वसवलेले शहर

छत्रपती संभाजीनगर शहराला गेल्या चार शतकांत चार नावे मिळाली. आधी खडकी, मग फतेहनगर, त्यानंतर औरंगाबाद आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. खडकी या लहानशा गावाला ज्याने राजधानीचे रूप दिले, त्या मलिक अंबरचे स्वतःचे नावही असेच बदलत गेले होते. शहराची नावे सत्ता बदलली म्हणून बदलली. अंबरचे नाव मालक बदलला म्हणून बदलले. दख्खनच्या इतिहासात पराक्रमी सेनानी, कुशल प्रशासक आणि नगररचनाकार म्हणून गौरवला गेलेला हा पुरुष आयुष्याची पहिली पंचवीसेक वर्षे बाजारात खरेदी-विक्री होणारी वस्तू होता. त्याच्या चरित्राची ही बाजू सहसा दोन ओळींत उरकली जाते. आजच्या उद्योगनगरीला मात्र नेमकी तीच बाजू अधिक काही शिकवू शकते.

अंबरचा जन्म १५४८ च्या सुमारास पूर्व आफ्रिकेतील आजच्या इथिओपियात, म्हणजे तेव्हाच्या हबसाणात झाला. त्याचे मूळ नाव चापू. कोवळ्या वयातच तो गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती लागला आणि तांबडा समुद्र ओलांडून येमेनमधील मोखा बंदरात विकला गेला. तेथून तो बगदादला पोहोचला. तेथील मीर कासिम या मालकाने मुलाची बुद्धी हेरली, त्याला शिक्षण दिले, इस्लामची दीक्षा दिली आणि अंबर हे नवे नाव ठेवले. अंबर म्हणजे समुद्रात सापडणारे मौल्यवान सुगंधी द्रव्य. गुलामांना अशा किमती वस्तूंची नावे देण्याची तेव्हा रीतच होती. नावात कौतुक होते, आणि त्याच नावात मालकीही होती.

या व्यापाराची रचना समजून घेण्यासारखी आहे. हिंदुस्थानातील कापडाला हबसाणात मोठी मागणी होती आणि दख्खनच्या सुलतानांना निष्ठावान सैनिक हवे होते. गुलाम सैनिकाला परक्या मुलुखात आप्त नसत, वतन नसे. त्यामुळे तो मालकाखेरीज कोणाशीही बांधलेला नसे. जहाजे कापड घेऊन पश्चिमेला जात आणि माणसे घेऊन पूर्वेला येत. मध्ये पकडणारा वेगळा, बंदरावर विकणारा वेगळा, वाहून आणणारा वेगळा आणि दरबारात पुरविणारा वेगळा. प्रत्येकाने आपला व्यवहार चोख केला. किंमत मोजली, माल ताब्यात घेतला, पुढे दिला. हबसाणात ते कापड अंगावर घेणाऱ्याला आणि अहमदनगरच्या दरबारात हबशी शिपायांची शिस्त पाहून संतुष्ट होणाऱ्याला त्या मुलाचे घर कोठे होते, हे विचारण्याची गरज कधी भासली नाही.

इसवी सन १५७० नंतरच्या काही वर्षांत अंबर दख्खनमध्ये आला. निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतले. चंगेजखान स्वतःही एके काळी हबशी गुलामच होता आणि त्याच्या पदरी सुमारे एक हजार हबशी गुलाम होते. राज्यकारभार, हिशेब, लष्करी डावपेच आणि दरबारातील गटबाजी यांचे धडे अंबरला येथेच मिळाले. चंगेजखानाच्या मृत्यूनंतर, १५७५ च्या सुमारास, त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केले. अंबरने स्वातंत्र्य लढून मिळवले नव्हते. एका स्त्रीच्या मनाने घेतले म्हणून ते मिळाले. त्या हजारांतल्या इतरांच्या वाट्याला काय आले, हे इतिहासाने लिहून ठेवलेले नाही.

पुढची वीस वर्षे अंबरने एक भाडोत्री सरदार म्हणून काढली. काही काळ तो विजापूरच्या आदिलशाहीत होता. मलिक ही पदवी त्याला तेथेच मिळाली. इसवी सन १५९५ च्या सुमारास तो दीडशे स्वारांसह निजामशाहीत परतला, तेव्हा मोगलांनी अहमदनगरला वेढा घालायची तयारी केली होती. चांदबिबीने किल्ला नेटाने लढवला. पण १६०० मध्ये तिची हत्या झाली आणि अहमदनगर पडले. निजामशाही संपली असेच सर्वांना वाटले. अंबरला तसे वाटले नाही. त्याने राजघराण्यातील एका तरुणाला परांड्याच्या किल्ल्यात दुसरा मुर्तझा निजामशाह म्हणून गादीवर बसवले, आपली मुलगी त्याला दिली आणि राज्याची सूत्रे हाती घेतली. दीडशे स्वारांचे पुढे हजारो झाले.

त्यानंतर पंचवीस वर्षे त्याने आधी अकबराच्या आणि मग जहांगीरच्या फौजांना दख्खनमध्ये पाय रोवू दिले नाहीत. मोकळ्या मैदानावर मोठ्या फौजेशी भिडायचे नाही, तिची रसद तोडायची, डोंगर-दऱ्यांत तिला दमवायचे, ही त्याची पद्धत. या गनिमी काव्यात मराठा स्वार त्याचे मोठे बळ होते. मालोजी आणि शहाजीराजे भोसले हे त्याच काळातले निजामशाहीचे सरदार. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत अंबरने मोगल आणि आदिलशाही यांच्या संयुक्त फौजेचा पराभव केला, त्यात शहाजीराजांनी मोठा पराक्रम गाजवला. जहांगीरला या हबशी सरदाराचा किती संताप होता, हे दाखवणारे एक चित्र आज डब्लिनच्या संग्रहालयात आहे. भाल्यावर टांगलेल्या अंबरच्या मस्तकावर बादशहा बाण सोडत असल्याचे ते दृश्य आहे. प्रत्यक्षात असे कधी घडले नाही. जे रणांगणावर साधले नाही, ते दरबारी चित्रकाराने कागदावर साधून दिले.

राजधानी परांड्याहून जुन्नरला आणि पुढे दौलताबादेस गेली. दौलताबादजवळच्या खडकी गावी अंबरने १६१० मध्ये नवे नगर वसवले. मोगलांनी १६१६ मध्ये ते जाळले, तरी ते पुन्हा उभे राहिले. या पठारावर पाण्याचे दुर्भिक्ष होते. हर्सूलकडील डोंगरांच्या पायथ्याशी मुरणारे पाणी जमिनीखालच्या चिरेबंदी नळांतून, केवळ उताराच्या आधारे त्याने शहरात आणले. नहर-ए-अंबरी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या योजनेचे अवशेष आजही पाहायला मिळतात. भडकल दरवाजाही त्याच्याच काळातला.

महसुलातील त्याच्या सुधारणाही तितक्याच मोलाच्या होत्या. सारा वसुलीचा मक्ता देण्याची पद्धत त्याने बंद केली. मक्तेदार सरकारला ठरलेली रक्कम देई आणि रयतेकडून मनाला येईल तेवढी उकळी. अंबरने जमिनीची प्रतवारी करवली, प्रत्यक्ष पिकावर सारा ठरवला आणि सरकार व शेतकरी यांच्यामधला हा बेबंद मध्यस्थ दूर केला. मधल्या माणसाला मोकळे रान दिले की तळाचा माणूस पिळला जातो, हे त्याने ओळखले होते.

आणि तरीही माणसांच्या व्यापाराबाबत त्याने हीच दृष्टी वापरली नाही. अंबरची सत्ता शिखरावर असतानाही हबसाणातून माणसे येतच होती आणि हबशी तुकड्या त्याच्या सैन्याचा महत्त्वाचा भाग होत्या. स्वतः ज्या बाजारातून आला, तो बाजार त्याने मोडला नाही. गुलामीचा शिक्काही त्याच्या घराण्यावरून पुसला गेला नव्हता. सुलतानाच्या इराणी बेगमेने अंबरच्या मुलीला तिच्या जन्मावरून हिणवले आणि त्याचा शेवट सुलतानावरील विषप्रयोगात झाला, असा वृत्तांत एका समकालीन डच व्यापाऱ्याने नोंदवला आहे. राज्याचा कर्ता झालेल्या माणसाच्या मुलीचीही त्या शिक्क्यातून सुटका नव्हती.

मे १६२६ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षाच्या आसपास मलिक अंबरचा मृत्यू झाला. खुलताबादला त्याची कबर आहे. जहांगीरच्या दरबारातील मुतमदखान या बखरकाराने शत्रू असूनही त्याच्या कर्तृत्वाची मुक्तकंठाने प्रशंसा केली आणि कोणी हबशी गुलाम इतक्या उंचीवर पोहोचल्याचे दुसरे उदाहरण इतिहासात नाही, अशा आशयाची नोंद केली. ती प्रशंसा खरीच आहे. पण हजारो विकले गेले आणि त्यांतला एक वर आला, हाही तिचा अर्थ आहे. एकाच्या उत्कर्षाने व्यवस्था निर्दोष ठरत नाही.

कायद्याने ही व्यवस्था मोडायला आणखी दोन शतके लागली. कंपनी सरकारच्या १८४३ च्या कायद्याने हिंदुस्थानात गुलामीला न्यायालयाचा आधार उरला नाही. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेतील तेविसाव्या अनुच्छेदाने माणसांचा व्यापार आणि वेठबिगार यांना मनाई केली. घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा पुतळा आज अंबरच्या भडकल दरवाजाजवळच उभा आहे, हा योगायोग शहरवासीयांनी लक्षात घ्यावा असा आहे. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने असे कर्जच रद्द ठरवले. १९८२ मध्ये आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढचे पाऊल टाकले. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवणे हीदेखील सक्तीची मजुरीच आहे आणि कंत्राटदाराकडे बोट दाखवून मूळ काम देणाऱ्याला जबाबदारी टाळता येत नाही, असा तो निर्वाळा होता.

अंबरच्या काळातील ती लांबलचक साखळी मात्र वेगळ्या रूपात याच मराठवाड्यात दिसते. बीड आणि शेजारच्या जिल्ह्यांतून दरवर्षी लाखो ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे जातात. मुकादम हंगामापूर्वी उचल देतो. नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात आणि उचल त्या कोयत्याच्या नावावर चढते. हंगामात ती फिटली नाही, तर पुढच्या हंगामाचे काम आधीच बांधले जाते. कारखान्याचा करार मुकादमाशी असतो. मजुराचे नाव अनेकदा कारखान्याच्या दप्तरात नसतेच. ती साखर पुढे पेयांच्या, मिठायांच्या आणि औषधांच्या कंपन्यांपर्यंत पोहोचते. प्रत्येक टप्प्यावर पावती चोख असते.

या प्रश्नाची दखल आता जगाच्या बाजारपेठेनेही घेतली आहे. ब्रिटनच्या २०१५ च्या कायद्यानुसार तीन कोटी साठ लाख पौंडांहून अधिक उलाढाल असलेल्या कंपन्यांना आपल्या कामकाजात आणि पुरवठा साखळीत गुलामी रोखण्यासाठी काय केले, याचे निवेदन दरवर्षी प्रसिद्ध करावे लागते. भारतातही २०२२-२३ पासून शेअर बाजारातील सर्वांत मोठ्या एक हजार कंपन्यांच्या वार्षिक अहवालात सक्तीच्या मजुरीविषयीची माहिती मागितली जाते. वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा येथून परदेशी माल पाठविणाऱ्या कारखानदारांनाही या प्रश्नांना सामोरे जावे लागणार आहे.

केवळ अर्जाचे रकाने भरून हे साधणार नाही. शेवटच्या कंत्राटदाराकडच्या मजुराचेही नाव हजेरीपटावर हवे. मजुरी त्याच्या, आणि त्याच्या पत्नीची तिच्या, स्वतंत्र खात्यात जमा व्हायला हवी. उचलीची लेखी नोंद मजुराच्या हाती हवी आणि ओळखपत्रे दुसऱ्याच्या ताब्यात नकोत. पाहणी मुकादमाच्या गैरहजेरीत व्हायला हवी. मालाला देऊ केलेल्या दरात किमान वेतन खरोखर बसते का, हा हिशेब खरेदी विभागाने स्वतः मांडायला हवा. आणि कोठे वेठबिगार आढळलीच, तर कंत्राट रद्द करून हात झटकण्याऐवजी त्या माणसांची सुटका आणि पुनर्वसन पाहिले पाहिजे. नाहीतर तीच माणसे दुसऱ्या मुकादमाच्या उचलीत अडकतात.

मलिक अंबरने सरकार आणि शेतकरी यांच्यामधला मक्तेदार दूर केला, पण आपल्या फौजेपर्यंत माणसे पुरवणाऱ्या व्यापाऱ्याला कधी जाब विचारला नाही. त्याचे मोठेपण मान्य करूनही ही उणीव नोंदवावी लागते. त्याने वसवलेल्या शहरातून आज जगभर माल जातो. तो कोणाच्या हातांनी घडला आणि ते हात मोकळे होते का, हे विचारण्याची जबाबदारी आता या शहराच्या उद्योजकांवर आहे.