ताराबाई शिंदे : एका पुस्तकाची लेखिका

एकोणिसाव्या शतकात बुलढाणा येथील डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत बापूजी हरी शिंदे हेडक्लार्क होते. चार मुलगे व एक कन्या असा त्यांचा परिवार होता. १८५० च्या सुमारास जन्मलेली ही कन्या म्हणजे ताराबाई. बापूजी सत्यशोधक समाजाचे सभासद होते. १८७१ साली त्यांनी स्वतःही एक पुस्तक प्रसिद्ध केले होते. मुलींची शाळा नसल्याने कन्येला त्यांनी घरीच मराठी, संस्कृत व इंग्रजी शिकविले. रूढीप्रमाणे ताराबाईंचा विवाह लवकर झाला. मात्र पती घरजावई म्हणून आल्याने त्या माहेरीच राहिल्या. त्यांना अपत्य झाले नाही. सासुरवासातून मिळालेली ही मोकळीक त्यांच्या लेखनामागे असावी, असे मानण्यास जागा आहे.

१८८१ साली सुरतेतील विजयालक्ष्मी या तरुण ब्राह्मण विधवेला नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. अपिलानंतर तिला काळ्या पाण्याची शिक्षा ठरली. या प्रकरणाचे निमित्त करून 'पुणे वैभव' या पत्राने समस्त स्त्रीजातीवर दोषारोप केले. ताराबाईंनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून त्यास उत्तर दिले. पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात त्याच्या ५०० प्रती छापल्या गेल्या; पृष्ठे अवघी ५२ आणि किंमत नऊ आणे.

स्त्रियांच्या माथी मारले जाणारे कपट, संशय, अविचार हे दुर्गुण पुरुषांत कमी आहेत काय, असा या पुस्तकाचा रोख आहे. विधवेला पुनर्विवाह नाकारायचा, तिला फसविणारा मोकळा सोडायचा आणि शिक्षा मात्र तिलाच, हा न्याय त्यांना मान्य नव्हता. धर्मशास्त्रे व पुराणकथांनाही त्यांनी जाब विचारला. भाषा घरगुती, पण धार अशी की आजही वाचक दचकतो.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८५ साली 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू उचलून धरली. त्यानंतरचे त्यांचे दुसरे पुस्तक आढळत नाही. १९१० च्या सुमारास त्यांचे निधन झाले. प्रकाशनानंतर ९३ वर्षांनी, १९७५ साली, स. गं. मालशे यांनी हे पुस्तक पुन्हा प्रसिद्ध केले. १९९४ साली रोझलिंड ओ'हॅनलन यांचा इंग्रजी अनुवाद आला आणि बुलढाण्याच्या या लेखिकेचे नाव मराठीबाहेरील अभ्यासकांपर्यंत पोहोचले.