बोर्डिंगमधून काढलेला विद्यार्थी

कोल्हापूरच्या दसरा चौकातील दिगंबर जैन बोर्डिंगवरून आपल्यापैकी पुष्कळजण रोज जा-ये करतात. शंभर वर्षांपूर्वी तेथे कुंभोजचा एक धिप्पाड मुलगा राहत असे. राजाराम हायस्कूलचा विद्यार्थी, पण पुस्तकापेक्षा तालमीत अधिक रमणारा. हेच पुढचे कर्मवीर भाऊराव पाटील. जन्म २२ सप्टेंबर १८८७.

१९०८ साली कोल्हापुरात अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. भाऊराव त्या समारंभाला गेले. परत आल्यावर, आंघोळ केल्याशिवाय जेवणघरात यायचे नाही, असे बोर्डिंगचे प्रमुख अण्णासाहेब लठ्ठे यांनी बजावले. भाऊरावांनी मानले नाही. त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. शाहू महाराजांनी आसरा दिला खरा, पण मॅट्रिक काही ते झाले नाहीत.

लठ्ठे वाईट गृहस्थ मुळीच नव्हते. मोठे विद्वान, १९३७ साली मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झालेले. पण वसतिगृहाचा प्रमुख कोणता नियम धरून बसतो, यावर कोणता मुलगा ताटावर बसणार आणि कोणता बाहेर जाणार हे ठरते. गंमत पाहा, १९१४ च्या डांबर प्रकरणात याच लठ्ठ्यांविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून पोलिसांनी भाऊरावांना कोठडीत डांबले. तेथे त्यांचे अतोनात हाल झाले. साक्ष त्यांनी दिली नाही.

पुढे किर्लोस्करांचे नांगर विकत ते गावोगाव फिरले. खेड्यातील मुलांची दशा तेव्हा जवळून पाहिली. १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापली आणि १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग काढले. आता प्रमुख ते स्वतः होते. नियम एकच : सर्व जातिधर्मांच्या मुलांनी एकत्र राहायचे, एकाच पंगतीत जेवायचे. स्वयंपाक, दळण, शेतकाम मुलांनीच करायचे. धान्य संपले तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, अखेरीस मंगळसूत्रही. कर्मठ जैन घरातून आलेल्या या माउलीने सर्व जातींची मुले पोटच्या लेकरांसारखी सांभाळली. १९३० साली त्या वारल्या. भाऊरावांचे नाव सगळे घेतात, त्यांचे मात्र क्वचितच निघते.

नुसत्या इमारतींनी शाळा चालत नाही, हे भाऊरावांना पक्के ठाऊक होते. म्हणून १९३५ साली त्यांनी शिक्षक तयार करणारे विद्यालय काढले. खेड्यातील आपलीच मुले शिकवून पुन्हा खेड्यात शिक्षक म्हणून धाडली.

९ मे १९५९ रोजी ते गेले. त्यांच्या हाताखाली वाढलेले पी. जी. पाटील इंग्लंडहून बॅरिस्टर होऊन आले, रयतमध्येच प्राचार्य झाले आणि १९७० च्या दशकात शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू म्हणून कोल्हापुरास आले. ज्या गावात भाऊरावांना जेवणघराचे दार बंद झाले होते, त्याच गावात.