बाबासाहेब नवा विषय कसा शिकत

विहारात आपण सर्वजण त्रिसरण-पंचशील म्हणतो. ते पाठही आहे. परंतु एखाद्या मुलाने त्यातील शब्दाचा अर्थ विचारला, म्हणजे आपण मोठी माणसे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतो. पाली आपल्याला नवी आहे. बाबासाहेबांनाही ती एके काळी नवीच होती. म्हणून त्यांच्या चरित्राकडे आज विद्यार्थ्याच्या नजरेने पाहू.

बाबासाहेबांचे मूळ गाव आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातले, मंडणगड तालुक्यातील आंबडवे. जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील सुभेदार रामजी पलटणीच्या शाळेत शिक्षक होते. पेन्शन घेतल्यावर ते काही काळ दापोलीस राहिले, पुढे साताऱ्यास गेले. मुलाचे इंग्रजी त्यांनीच पक्के करून घेतले. तर्खडकरांच्या पाठमालेवरून ते रोज भाषांतर करवून घेत. भाषांतर करताना न समजलेले लपत नाही, हे त्यातले मर्म. पुढे मुंबईत परळच्या चाळीत एकच खोली होती. रात्री दोनपर्यंत वडील जागत, मग मुलाला अभ्यासाला उठवून स्वतः आडवे होत.

संस्कृत शिकण्याची त्यांना फार इच्छा होती. अस्पृश्य म्हणून शाळेत ते नाकारले गेले आणि फारसी घ्यावी लागली. पण नाकारलेला विषय त्यांनी सोडून दिला नाही. पुढे स्वप्रयत्नाने ते संस्कृत शिकले आणि धर्मग्रंथ स्वतः वाचून तपासले.

१९०७ साली ते मॅट्रिक झाले, तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. १९१३ साली ते अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. मुख्य विषय अर्थशास्त्र, पण समाजशास्त्र, इतिहास, मानववंशशास्त्र हेही त्यांनी अभ्यासले. विषय नवे असले, तरी प्रश्न आपल्या माणसांचे होते. १९१६ साली मानववंशशास्त्राच्या वर्गात त्यांनी निबंध वाचला, तो जातीच्या उगमावर. आपला प्रश्न घेऊन विषयात शिरले की विषय परका राहत नाही.

लंडनचे शिक्षण १९१७ साली शिष्यवृत्ती संपल्यामुळे अर्धवट सोडावे लागले. मुंबईत प्राध्यापकी करून त्यांनी पैसा साठवला, शाहू महाराजांचे साहाय्य व मित्राचे कर्ज घेतले आणि १९२० साली ते परत गेले. दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात बसायचे, रात्री पुन्हा वाचायचे, असा क्रम चालला. १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाला डी.एस्‌सी. मिळाली.

एवढ्या पदव्या मिळाल्यावरही ते विद्यार्थीच राहिले. पालीचा अभ्यास करताना त्यांनी व्याकरण लिहिले आणि शब्दकोश तयार केला. महाराष्ट्र शासनाने १९९८ साली तो त्यांच्या समग्र लेखनाच्या सोळाव्या खंडात छापला. शरीर थकलेले, मधुमेह जडलेला, तरी शब्दापुढे अर्थ मांडण्याचे काम त्यांनी हलके मानले नाही.

बंधूंनो, भगिनींनो, आपण कोश लिहावा असे नाही. घरात एक वही ठेवा. रोज वंदनेतील एक शब्द त्यात उतरवा. 'पाण' पुढे 'प्राण' लिहा, 'वेरमणी' पुढे 'दूर राहणे' लिहा. रात्री मुलाला तो शब्द समजावून सांगा. सांगताना अडलात, तर तेवढाच भाग दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारून घ्या. वर्षभरात वंदना नुसती तोंडपाठ राहणार नाही, ती कळू लागेल.