विश्लेषण : जेन्नर यांची देवीची लस शरीरात नेमके काय करते? मदतनीस पेशीही मारेकरी होतात का?

मुखेड तालुक्यात पन्नाशी ओलांडलेल्या अनेकांच्या हातावर देवीच्या लशीचा वण आजही दिसतो. त्यांच्या मुला-नातवंडांच्या हातावर तो नाही, कारण तोवर रोगच संपला होता. या लशीचा पाया घातला तो एडवर्ड जेन्नर यांनी. ती काम करते हे त्यांनी दाखवून दिले. कशी करते, हे मात्र त्यांच्या हयातीत कळणे शक्य नव्हते.

जेन्नर कोण होते?

इंग्लंडमधील बर्कली या गावी १७ मे १७४९ रोजी त्यांचा जन्म झाला. पाचव्या वर्षीच आई-वडिलांचे छत्र हरपले. आठव्या वर्षी त्यांना देवीच्या रोग्याच्या फोडातील द्रव टोचण्यात आला. रोग सौम्य यावा म्हणून तेव्हा ही पद्धत वापरत, पण त्यात जीव जाण्याचाही धोका होता. पुढे लंडनमध्ये जॉन हंटर या नामवंत शल्यविशारदाकडे शिकून ते गावी परतले आणि तिथेच वैद्यकी करू लागले. कोकिळेच्या पिलांवरील अभ्यासामुळे १७८९ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

प्रयोग काय होता?

गायींच्या आचळांवर फोड येणारा गोदेवी हा सौम्य आजार धार काढणाऱ्यांनाही होई. तो झालेल्यांना देवी येत नाहीत, असा गावोगावी समज होता. जेन्नर यांनी १४ मे १७९६ रोजी सारा नेल्म्स हिच्या हातावरील फोडातील द्रव आठ वर्षांच्या जेम्स फिप्सला टोचला. १ जुलैला त्याच मुलाला खऱ्या देवीचा द्रव टोचला. अंदाज चुकला असता तर मुलाच्या जिवावर बेतले असते. आज अशा प्रयोगाला कोणी परवानगी देणार नाही. जेम्सला देवी आल्या नाहीत. रॉयल सोसायटीने निबंध स्वीकारला नाही, तेव्हा जेन्नर यांनी १७९८ मध्ये तो स्वखर्चाने छापला.

लस आपल्याकडे कधी आली?

चारच वर्षांत ती बगदाद, बसरामार्गे मुंबईत पोहोचली. १४ जून १८०२ रोजी अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचण्यात आली. भारतातील हे पहिले यशस्वी लसीकरण. तिच्या हातावरील फोडातून इतर मुलांना आणि पुढे पुणे, सुरत, हैदराबादकडे लस गेली. मुखेडचा परिसर १९४८ पर्यंत याच हैदराबादच्या निजामाच्या अमलाखाली होता.

मदतनीस पेशी मारेकरी कशा होतात?

विषाणू शिरलेली पेशी त्याच्या प्रथिनांचे तुकडे आपल्या पृष्ठभागावर मांडते. ते ओळखून मारेकरी टी पेशी तिला नष्ट करतात. मदतनीस टी पेशींचे मुख्य काम वेगळे : प्रतिपिंडे बनवणाऱ्या आणि मारेकरी पेशींना चालना देणे. मात्र काही मदतनीस पेशी स्वतःच बाधित पेशीला भिडतात. परफोरिन या प्रथिनाने तिच्या आवरणाला भोक पाडतात आणि ग्रॅन्झाइम आत सोडून तिला मारतात. देवीची लस पहिल्यांदाच घेतलेल्या स्वयंसेवकांच्या रक्तात अशा पेशी आढळल्याचे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०१६ मध्ये नोंदवले. डेंग्यू आणि करोनाच्या रुग्णांमध्येही त्या दिसल्या आहेत.

त्यांचे महत्त्व विषाणूच्या लबाडीत आहे. नेहमीच्या मारेकरी पेशी ज्या रेणूवर मांडलेले तुकडे वाचतात, तो रेणूच गोदेवीचा विषाणू पृष्ठभागावर येऊ देत नाही. मदतनीस पेशी वेगळ्या प्रकारच्या रेणूवरील तुकडे वाचतात. म्हणून एक वाट अडली तरी दुसरी उरते. अर्थात, हा दुसरा रेणू सगळ्याच पेशींवर नसतो, त्यामुळे या वाटेलाही मर्यादा आहे.

जेन्नर कुठे चुकले?

एकदा टोचले की जन्मभर संरक्षण, असे ते ठामपणे मानत. पुढे लस घेतलेल्यांनाही काही वर्षांनी देवी येऊ लागल्या आणि पुन्हा टोचणे गरजेचे ठरले. या लशीने तयार झालेली प्रतिपिंडे कित्येक दशके टिकतात, पण टी पेशींची संख्या सुमारे ८ ते १५ वर्षांत निम्मी होते, असे २००३ मधील अमेरिकी संशोधनात दिसले.

अखेर कशी झाली?

ब्रिटिश संसदेने त्यांना १८०२ मध्ये १० हजार आणि १८०७ मध्ये २० हजार पौंड दिले. ते मात्र बर्कलीतच राहिले आणि बागेतल्या झोपडीत गरिबांना मोफत लस टोचत राहिले. थोरला मुलगा आणि पत्नी क्षयाने गेली. त्या रोगावर त्यांच्याकडे उपाय नव्हता. २६ जानेवारी १८२३ रोजी त्यांचे निधन झाले. अंत्ययात्रेत जेम्स फिप्सही होता. भारतातील अखेरचा देवीचा रुग्ण १९७५ मध्ये सापडला आणि १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर केले.